हृदयविकाराचा झटका आणि मूलपेशी: दावे व पुरावे

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकली की तिच्या पुढच्या भागातील स्नायू प्राणवायूअभावी साधारण अर्ध्या तासातच मरू लागतो आणि मोठ्या झटक्यात अशा सुमारे शंभर कोटी पेशी नष्ट होतात. यकृताला साधते तशी ही झीज भरून काढणे हृदयाला साधत नाही; अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या कार्बन-14 च्या आधारे पेशींचे वय मोजून स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये दाखवले की पंचविशीतल्या माणसात वर्षाला जेमतेम 1 टक्का आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी हृदयस्नायुपेशी नव्याने तयार होतात. मेलेल्या स्नायूच्या जागी आकुंचन न पावणारा तंतुमय व्रण उरतो, आणि उरलेल्या स्नायूवर भार येऊन हृदय हळूहळू दुबळे होते.

ज्या पेशींपासून शरीरातील इतर पेशी घडतात त्या मूलपेशी या व्रणाच्या जागी स्नायू उभा करतील, ही आशा 2001 मध्ये उंदरांवरील एका गाजलेल्या प्रयोगाने जागवली. तथापि त्यात वापरलेल्या अस्थिमज्जेतील, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजातील, पेशींचे हृदयस्नायूत रूपांतर होत नसल्याचे इतर प्रयोगशाळांनी 2004 मध्येच दाखवून दिले. त्या पहिल्या प्रयोगातील एक प्रमुख संशोधक पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेने पुढे हृदयातच मूलपेशी असल्याचा दावा केला. तिचे 31 शोधनिबंध बनावट माहितीच्या कारणावरून मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्डने 2018 मध्ये केली. दरम्यान जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या होत्या, हे या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारे वास्तव होय.

भारतात 250 रुग्णांवर झालेल्या बहुकेंद्री चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. एका ठोक्यात डाव्या जवनिकेतील किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते सांगणारे मान, म्हणजे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’, अस्थिमज्जेच्या पेशी दिलेल्या गटात सहा महिन्यांनंतर लक्षणीयरीत्या अधिक वाढलेले आढळले नाही. तीन हजार रुग्ण घेऊन मृत्युदर तपासू पाहणाऱ्या युरोपीय चाचणीला 375 रुग्णच मिळाले आणि 2020 मध्ये तिचा निकाल अनिर्णित राहिला. प्रयोगशाळेत घडवलेल्या हृदयपेशींचे पातळ थर हृदयावर बसवण्याचे जपानमधील काम अधिक आश्वासक असले, तरी ते अद्याप बाल्यावस्थेत आहे.

बीड जिल्ह्यात या विषयाला वेगळे वजन येते. पाटोदा वा शिरूर कासारच्या वस्तीवरील, किंवा ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यात कोपीत राहणाऱ्या मजुराच्या बाबतीत छातीतली कळ ‘गॅस’ समजून गेलेल्या दोन-तीन तासांत जितका स्नायू गमावला जातो, तितका परत देणारी कोणतीही पेशी आज उपलब्ध नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या बारा तासांत, त्यातही पहिल्या दोन-तीन तासांत, सर्वाधिक उपयोगी पडते. म्हणून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून ईसीजीची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठणे महत्त्वाचे ठरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांवरील अस्थिमज्जारोपणासारखे मोजके उपचार वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो आणि सहभागी रुग्णाकडून त्याचे शुल्क घेता येत नाही. अशा चाचण्यांची नोंद भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते व ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे नोंद नसेल, किंवा पैसे मागितले जात असतील, तर उचल घेऊन वा जमीन विकून असा उपचार कोणीही करून घेऊ नये.