रिकामं लवासा, स्वस्त लवासा

इटलीतल्या पोर्टोफिनोने २०२३ मध्ये एक अजब नियम केला. बंदरातल्या ठरावीक जागी फोटो काढत रेंगाळणाऱ्या पर्यटकाला २७५ युरोपर्यंत दंड! जेमतेम चारशेच्या आसपास वस्तीचं ते गाव, आणि सेल्फी काढणाऱ्यांमुळे त्याचे रस्ते तुंबत होते. त्याच पोर्टोफिनोचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून उभारलेल्या मुळशीतल्या लवासात मात्र चित्र उलटं आहे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी तिथे जा, पाण्याकाठच्या रंगीत इमारतींसमोर हवं तितका वेळ बसा. आपण कुणाची वाट अडवतोय असं वाटणारही नाही.

सुट्टी आली की मध्यमवर्गीय घरात एकच मागणी असते: पाणी हवं, हिरवळ हवी, गर्दी नको आणि खर्च झेपावा. मग कुणी दूरच्या बेटांचे व्हिडिओ पाहू लागतं. पण गर्दी नसलेली जागा उगाच रिकामी नसते. लक्षद्वीपचं उदाहरण घ्या. तिथे जायला प्रवेश परवाना लागतो. कोचीहून जहाज किंवा आगत्तीचं विमान गाठावं लागतं आणि राहायच्या जागाही मोजक्याच. गर्दी दारातच अडवली जाते आणि तिथल्या शांततेची किंमत पर्यटक स्वतःच्या खिशातून भरतो. लवासातली शांतता वेगळी आहे. ती पर्यटकाला स्वस्तात मिळते, कारण तिची किंमत आधीच दुसऱ्यांनी भरली आहे.

शहर थांबलं कसं

मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या फुगवट्याला वीर बाजी पासलकर जलाशय म्हणतात. त्याच्या काठची १८ गावं राज्य सरकारने २००१ मध्ये गिरिस्थानासाठी अधिसूचित केली. वांद्रे-वरळी सागरी सेतू बांधणारी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी या प्रकल्पामागे होती. बेत होता सुमारे २५ हजार एकरांवर पाच छोटी नगरं आणि काही लाखांची वस्ती उभारण्याचा. पहिलं नगर दासवे गावाच्या परिसरात उभं राहिलं. आज पर्यटक जे लवासा पाहतो ते मुख्यतः हे दासवेच.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस काढली. आवश्यक ती पर्यावरण मंजुरी न घेता बांधकाम केल्याचा ठपका ठेवून काम थांबवलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला सशर्त मंजुरी मिळाली. पण तोवर गणित बिघडलं होतं. कंपनी शेअर बाजारातून दोन हजार कोटी रुपये उभे करायच्या तयारीत होती, ते बारगळलं. बांधकाम थांबलं तरी कर्जावरचं व्याज थांबत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा कॉर्पोरेशनचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. जुलै २०२३ मध्ये एका कंपनीची १,८१४ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. ठरलेले पैसे न भरल्यामुळे पुढच्याच वर्षी ती रद्दही झाली.

या हिशोबात बँकांचे पैसे अडकले आणि आयुष्यभराची पुंजी लावलेल्या घर-ग्राहकांचेही. त्याहून आधीचा हिशोब मोसे खोऱ्यातल्या गावकऱ्यांचा. त्यांची जमीन एकदा धरणाखाली गेली आणि दुसऱ्यांदा नव्या शहराखाली. या दुसऱ्या वेळेच्या व्यवहारांवरून मोर्चे निघाले, मेधा पाटकर आणि त्यांचे सहकारी लढले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायालयाने परवानग्यांच्या पद्धतीवर ताशेरे ओढले, पण याचिका यायला फार उशीर झाल्यामुळे हस्तक्षेप केला नाही. तळ्याकाठच्या बाकावर बसताना एवढी पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. मग बंद दुकानांच्या रांगा आणि अर्धवट इमारतींचे सांगाडे नुसते ‘भुताचं शहर’ म्हणून फोटोपुरते उरत नाहीत.

सगळंच ओस पडलंय असंही नाही. ख्राइस्ट विद्यापीठाचं संकुल इथे चालू आहे, विद्यार्थ्यांची वर्दळ असते, काही घरांत माणसं राहतात. शनिवार-रविवारी पावसाळी गर्दीही होते. म्हणून पहिला सल्ला हाच, की रजा टाकायची तर मंगळवार-बुधवारची टाका.

खर्च कुठे वाचतो

पुण्याहून लवासा साठेक किलोमीटर आहे. चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट करत मुठा खोऱ्यात शिरायचं, टेमघर धरणाच्या कडेने घाट चढायचा आणि पलीकडे मोसे खोऱ्यात उतरायचं. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर धरा. चांगल्या स्थितीतल्या दुचाकीला तीन लिटरच्या आसपास पेट्रोल पुरतं. मोटारीला आठ-नऊ लिटर लागलं तरी चौघांत ते माणशी सव्वादोन लिटरच्या आत येतं. टाकी पिरंगुटच्या अलीकडे-पलीकडे भरून घ्या, घाटात पंपाच्या भरवशावर राहू नका. मुंबईकरांनी एकाच दिवसात जाऊन-येऊन करण्याचा हट्ट धरू नये. पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करून सकाळी निघणं स्वस्तही पडतं आणि सुरक्षितही.

खरा खर्च मुक्कामाचा. हॉटेलांचे दर शनिवार-रविवारी चढतात, मधल्या वारी उतरतात. दासव्यात मालकांकडून भाड्याने मिळणारे फ्लॅटही असतात. दोन कुटुंबांनी मिळून असा फ्लॅट घेतला आणि स्वयंपाकघर वापरलं, तर खर्च बराच खाली येतो. मात्र पैसे पाठवण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा: पाणी दिवसभर असतं का, वीज गेली तर सोय काय, दारावर गाडीचं शुल्क पडतं का, आणि आत कुठवर जायची मुभा आहे? अर्धवट शहरात या गोष्टी गृहीत धरता येत नाहीत.

नौकाविहार आणि साहसी खेळ हा पैसे खाणारा भाग. तो वगळला तरी सहल अपुरी राहत नाही. पाण्याकाठची पायवाट, दासव्याचे चढउताराचे रस्ते, पुढे मुगाव आणि धामणओहोळकडे जाणारा डोंगरी रस्ता, या सगळ्याला तिकीट नाही. धामणओहोळच्या पुढे सह्याद्रीची धार कोकणात कोसळते. तिथून लिंग्या आणि निसणीच्या जुन्या घाटवाटा खाली उतरतात. त्या सरावलेल्या भटक्यांसाठीच आहेत, त्याही गावातला वाटाड्या बरोबर घेऊन.

कधी जावं, कधी टाळावं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. जलाशय भरलेला, डोंगर हिरवे किंवा सोनेरी, हवा गार. एप्रिल-मेमध्ये वरसगावचं पाणी खाली जातं आणि काठावर चिखलाचे पट्टे उघडे पडतात. ‘तळ्याकाठचं इटालियन गाव’ पाहायला गेलेल्यांचा तेव्हा हिरमोड होतो. पाऊस मोहक असला तरी मुळशीचा पाऊस साधा नव्हे. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत लवासात दरड कोसळून बंगल्यांची पडझड झाली. हवामान खात्याने घाटमाथ्याला लाल किंवा नारंगी इशारा दिला असेल, त्या दिवशी बेत रद्द करावा. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर बुडू द्यावेत.

पाण्यात उतरायचा मोह टाळावाच. धरणाच्या काठाला समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू उतार नसतो. खालचा गाळ पाय धरतो आणि मदतीला धावून येणारी माणसंही जवळपास नसतात. ज्या रिकामपणासाठी आपण गेलो, तोच अपघाताच्या वेळी घात करतो.

पैसे कुणाच्या हातात जावेत

कमी खर्चात फिरायचं म्हणजे सगळं घरून बांधून न्यायचं आणि जागेवर एक रुपयाही सोडायचा नाही, असा अर्थ आपल्याकडे सर्रास घेतला जातो. लवासासारख्या ठिकाणी ते बरं नाही. वाटेतल्या गावांत पिठलं-भाकरीचं, गावठी कोंबडीचं घरगुती जेवण मिळतं; आधी निरोप दिला की ताजं रांधलं जातं. मुळशीचा आंबेमोहोर नावाजलेला आहे. सुगीनंतर गेलात तर शेतकऱ्याकडून पाच-दहा किलो घेऊन या. उन्हाळ्यात रस्त्याकडेला करवंदं-जांभळं विकायला बसलेल्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. हॉटेलच्या एका रात्रीत जेवढे पैसे वाचले, त्यातले थोडे या हातांत गेले तरी मोसे खोऱ्यातल्या माणसांना या शहराचा काही उपयोग झाला असं म्हणता येईल.

आणि प्लास्टिकची बाटली, वेफर्सचं पाकीट, उरलेलं अन्न परत आणा. वरसगावचं पाणी पुढे खडकवासल्यात येतं आणि तिथून पुणेकरांच्या नळाला. तिथे केलेली घाण आपल्याच घरी पोचते.