फाटक इतकं आधी का लागतं?

चिमूरला रेल्वे नाही. सिमेंट असो की खत, इथवर येतं ते ट्रकनंच. मात्र वरोरा सोडून घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूरकडे निघालं, की कोळसा-सिमेंटचे ट्रक आणि दिल्ली–चेन्नई लोहमार्ग एकमेकांच्या वाटेत येतात. मग फाटकावर रांग, आणि रांगेतला प्रत्येकजण गेटमनवर डाफरतो: गाडीचा पत्ता नाही अन् यानं फाटक लावून ठेवलं!

त्या बिचाऱ्याच्या हातात फारसं काही नसतं. गाडी येत असल्याचं स्टेशन मास्तर फोनवर कळवतो. गेटमन दांडे पाडतो, कुलूप लावतो, आणि त्यानंतरच सिग्नल देता येतो. फाटक उघडं असेल तर सिग्नल लालच राहणार, अशी यंत्रणेची बांधणीच आहे. भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरभर अंतर लागू शकतं. म्हणून ती बरीच लांब असतानाच रस्ता अडवावा लागतो. कोळशाच्या रेकला, म्हणजे अख्ख्या मालगाडीला, साधारण 58 वाघिणी, माल 4,000 टनांच्या आसपास. ताशी 40 च्या वेगानं ती मिनिटभरात पार होते. बाकीचा सगळा वेळ सुरक्षिततेचा. तोच कोळसा रस्त्यानं न्यायचा तर दीडेकशे ट्रक लागतील.

खरा घोळ घाईतून होतो. दांडा पडताना एखादा टिप्पर आत घुसून अडकला, की फाटक लागत नाही, सिग्नल मिळत नाही, रेक बाहेरच उभी राहते. थांबलेली रेक पुन्हा वेग घेईपर्यंत मागची एक्स्प्रेसही खोळंबते. पुढे बल्लारपूरच्या बल्लारशाह स्थानकात मध्य, दक्षिण मध्य आणि दक्षिण पूर्व मध्य अशा तीन रेल्वेंच्या हद्दी मिळतात. तिथं जागा नसेल, तर मागच्या स्टेशनांच्या लूप लाइनवर मालगाड्या ताटकळतात.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. रेल्वेनं जाणारा कोळसाही अनेकदा खाणीपासून रेल्वेच्या माल भरायच्या साइडिंगपर्यंत ट्रकनंच येतो, आणि गावातले रस्ते तुंबतात ते याच चार-दहा किलोमीटरमुळे. तिथं माल वाहून नेणारा सरकता पट्टा किंवा नळ हा उपाय आहे. गडचिरोलीत हेडरी ते कोनसरी सुमारे 85 किलोमीटरच्या नळातून लोहखनिजाचा गाळ नेण्याची सोय 2025 मध्ये झाली.

आता वर्धा–बल्लारशाह तिसरी मार्गिका टाकली जात आहे. तिच्यामुळे गाड्या वाढतील, म्हणजे उरलेली फाटकं जास्त वेळा लागतील. तेव्हा फाटकांच्या जागचे उड्डाणपूल मार्गिकेच्या आधी पुरे व्हायला हवेत, नंतर नव्हे.