बॉक्सची वायर आणि लाईटची वायर

आज आपण वायरीविषयी बोलणार आहोत. विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे काम घरातल्या पुरुषांचं, नाहीतर साऊंडवाल्याचं. आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण गेल्या वर्षभरात आमच्या बऱ्याच गटांनी बैठकीसाठी छोटी मशीन आणि दोन बॉक्स घेतले. बारामतीच्या आसपास वसुंधरा वाहिनी ९०.४ वर लागते, तिथल्या मैत्रिणी थेट रेडिओच ऐकतात. इंदापूरच्या बाजूच्या आमच्या गटांपर्यंत ती पोचत नाही. तिथे कुणीतरी कार्यक्रम मोबाईलमध्ये भरून आणतं आणि बैठकीत लावतं. मोबाईलचा आवाज चाळीस बायकांना पुरत नाही, म्हणून बॉक्स आले. आणि बॉक्स आले की वायर आली.

मशीन घेताना आपण दहा दुकानं फिरतो. वायर मात्र निघता निघता घेतो, "द्या हो कुठलीही". आमच्या एका गटाने तेच केलं. वायरीत दीडेकशे रुपये वाचवले आणि दोन महिन्यांत मशीनच्या दुरुस्तीला बाराशे घातले. वायरीचा एक सुटा केसासारखा तार शेजारच्या तोंडाला चिकटला होता, तेवढ्यावर मशीन बसली.

आधी ही वायर करते काय, ते समजून घेऊ. भिंतीतल्या बोर्डातून येते ती २३० व्होल्टची लाईट. मशीन तिच्यातून आवाजापुरता प्रवाह तयार करून बॉक्सकडे पाठवते. २० वॅटची मशीन आणि ८ ओहमचा बॉक्स असेल, तर पूर्ण आवाजातही त्या वायरीत साधारण १३ व्होल्ट असतात. म्हणून बॉक्सची वायर पातळ आवरणाची असली तरी चालते. आवरण पातळ, म्हणून ती स्वस्त. एवढी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावर यायचं आहे.

व्होल्ट कमी असले तरी वायर जाडीला बारीक असून चालत नाही. तांब्यातूनही प्रवाहाला अडथळा होतोच. वायर जितकी लांब आणि जितकी बारीक, तितका अडथळा जास्त. प्रवाह जातो आणि परतही येतो, म्हणून पन्नास फुटांची वायर म्हणजे खरं तर शंभर फुटांचा रस्ता. ठिबकची लांब बारीक नळी टाकली की शेवटच्या उसाला पाणी कमी पडतं, त्यातलाच हा प्रकार.

दुकानात जाऊन "बॉक्सची वायर द्या" एवढंच म्हणू नका. दुकानदाराची भाषा आकड्यांची आहे. चौदा शहात्तर, तेवीस शहात्तर, चाळीस शहात्तर, सत्तर शहात्तर. पहिला आकडा म्हणजे आत किती बारीक तारा आहेत तो. शहात्तर हे एका तारेच्या जाडीचं माप आहे, इंचाचे दहा हजार भाग केले तर त्यातले ७६. म्हणजे चाळीस शहात्तरमध्ये चाळीस तारा. पहिला आकडा जेवढा मोठा, तेवढी वायर जाड. काही दुकानांत चौरस मिलिमीटरवर माप सांगतात. तेवीस शहात्तर म्हणजे साधारण ०.६७ आणि चाळीस शहात्तर म्हणजे साधारण १.१७.

किती लांबीला कुठली वायर, हे आम्ही हिशोब करून वहीत लिहून ठेवलंय. बॉक्सच्या मागे ८ ओहम लिहिलेलं असेल, तर चौदा शहात्तर १५ फुटांपर्यंत ठीक. तेवीस शहात्तर २५ फुटांपर्यंत. चाळीस शहात्तर ४५ फुटांपर्यंत आणि सत्तर शहात्तर ७५ फुटांपर्यंत. बॉक्स ४ ओहमचा असेल तर हे सगळे आकडे निम्मे करायचे. यापेक्षा थोडी लांब गेली म्हणून काही जळत नाही, आवाजाची ताकद वायरीतच सांडते इतकंच. चौदा शहात्तर पन्नास फूट ओढली तर जवळजवळ चौथा हिस्सा ताकद बॉक्सपर्यंत पोचतच नाही. मग आपण बटण आणखी पिळतो, आवाज फाटतो आणि दोष बॉक्सला देतो.

हे आकडे खऱ्या तांब्याचे आहेत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते, तीही लाल चकचकीत दिसते. तिच्यात अडथळा दीडपटीच्या वर असतो आणि दोन-चारदा वाकवली की तारा तुटतात. ओळखायची रीत सोपी आहे. एक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. वरून पांढरी आणि आतून लाल निघाली तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चांगलं. पांढरी दिसली म्हणून लगेच परत करू नका, खरवडून बघा. गुंडाळी हातात घेतली तर ॲल्युमिनियमची हलकी लागते. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरं दुकान बघायचं. बारामतीत काय आणि इंदापुरात काय, दुकानं कमी नाहीत.

लांबी मोजायला टेप लागत नाही, सुतळी लागते. जिथून वायर जाणार त्या वाटेने सुतळी लावायची, भिंतीवरून वर, दाराच्या चौकटीवरून, पलीकडून खाली. नुसतं डोळ्याने "वीस फूट असेल" म्हणाल तर वायर हमखास कमी पडते आणि मध्ये जोड द्यावा लागतो. दोन्ही टोकांना एकेक हात जास्त धरा. बॉक्स उद्या सरकवावा लागला तर उपयोगी पडतो.

आता मघाशी राहिलेली गोष्ट.

गेल्या जानेवारीत इंदापूर तालुक्यातल्या आमच्या एका गटाचे बॉक्स आम्ही सगळ्यांनी मिळून बसवले. पंधरा-वीस फूट वायर उरली. वाया कशाला घालवायची, म्हणून ती आम्हीच गटातल्या एका वहिनींना दिली. त्यांच्या घरी पाणी तापवायचा रॉड आहे, पण न्हाणी बोर्डापासून लांब. दादांनी त्या वायरीच्या एका टोकाला पिन लावली, दुसऱ्या टोकाला सॉकेट, आणि रॉड चालू केला. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना खोलीत जळकट वास आला. वायर घडी घातलेल्या गोधड्यांच्या खालून गेली होती. त्यांनी बटण बंद करून गोधडी उचलली, तर कोपरा काळा पडलेला आणि वायरीचं आवरण मेणासारखं पातळ होऊन खाली फरशीला चिकटलेलं. नात तेव्हा न्हाणीच्या दारात बादली घ्यायला उभी होती.

१५०० वॅटचा रॉड साधारण साडेसहा अँपिअर ओढतो. उरलेली ती वायर चौदा शहात्तर होती, तिचं पोट त्याच्या निम्म्याचंही नाही. वर आवरण एकपदरी आणि पातळ. गोधड्यांखाली वारा नाही, त्यामुळे उष्णता आतच साठली. वहिनी म्हणाल्या, "घरात एमसीबी आहे की, तो का पडला नाही?" तो १६ अँपिअरचा होता. साडेसहा अँपिअर त्याच्या लेखी नेहमीचाच भार, त्याला यात काही वावगं दिसत नाही. एमसीबी घराच्या जाड वायरिंगच्या मापाने बसवलेला असतो. पुढे आपण दोरा जोडला की दोरखंड, हे त्याला कळत नाही.

वहिनी पुढे म्हणाल्या ते आमच्या मनाला लागलं. "ताई, वायर म्हणजे वायर असंच वाटलं आम्हाला." बरोबर आहे. वायर देताना आम्ही एक शब्द सांगितला नव्हता.

तर बॉक्सची वायर लाईटला लावायची नाही. रॉडला नाही, इस्त्रीला नाही, पंख्याला नाही, गणपतीच्या माळेलाही नाही. लाईटच्या वायरीवर आयएस ६९४ असा आकडा आणि आयएसआयची खूण छापलेली असते. बॉक्सच्या पारदर्शक वायरीवर ती बहुधा नसते. छाप नसेल तर बोर्डाकडे न्यायचीच नाही.

बसवायचं काम अवघड नाही. मशीनची पिन आधी बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर लाईटच्या पट्टीत किंवा पाइपात घालू नका, तिची वाट वेगळी ठेवा आणि निदान वीतभर अंतर राखा. एकीला ओलांडून दुसरी न्यावीच लागली तर फुलीसारखी आडवी न्या, शेजारून लांबवर नेऊ नका. लाईटच्या वायरीचं आवरण उंदराने कुरतडलं आणि ती हिला टेकली, तर तेरा व्होल्टची वायर क्षणात २३० ची होते. आपल्याकडे घरात धान्याची पोती असतात, म्हणजे उंदीर आलेच. खालून जाणारी वायर पाइपाच्या तुकड्यातून न्या.

पत्र्याच्या घरात आणखी एक काळजी. पत्र्याला भोक पाडून वायर आत घेतली तर कडेने आवरण कापतं. भोकात सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बसवा. खिळा वायरीच्या दोन पदरांमध्ये ठोकू नका, प्लॅस्टिकच्या क्लिपा मिळतात त्या हातहातभर अंतरावर लावा. वायर ताणून तंबोऱ्यासारखी करू नका, थोडी सैल असू द्या.

टोक सोलताना अर्धा इंचच सोला. दाताने सोलू नका, आमच्यातल्या निम्म्या जणींना ती खोड आहे. सोललेल्या तारा पिळून एकत्र करा आणि मशीनच्या तोंडात पूर्ण आत जाऊ द्या. बाहेर एकही केस दिसता कामा नये, बाराशे रुपये त्या केसानेच घालवले.

वायरीच्या दोन पदरांपैकी एकावर रेघ असते, नाहीतर एक लाल एक काळी असते. मशीनचं लाल ते बॉक्सचं लाल, काळं ते काळं. दोन बॉक्सपैकी एकाचं उलटं लागलं तर काही बिघडत नाही, पण एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो आणि जाड आवाज एकमेकांना खातात. बोलणं ऐकू येतं, ढोलकी मात्र कागदावर वाजवल्यासारखी लागते. खूण पुसली असेल तर घड्याळातला पेन्सिल सेल घ्या. वायर मशीनपासून सोडवा आणि तिची दोन टोकं सेलला क्षणभर टेकवा. बॉक्सचा मोठा पडदा बाहेर आला, तर सेलच्या अधिक बाजूला टेकलेलं टोक लाल. आत गेला तर उलटं. ही गंमत एकदा बैठकीत करून दाखवली, तर सगळ्या जणी रांग लावून बघायला आल्या.

बॉक्स वाढवायची हौस असते. ८ ओहमचे दोन बॉक्स एकाच तोंडाला शेजारीशेजारी जोडले तर मशीनला ते ४ ओहम दिसतात. मशीनच्या मागे ४ ओहम लिहिलेलं असेल तरच तसं करा. तिसरा आणि चौथा जोडू नका.

देवळात किंवा शाळेत भोंग्याची मोठी मशीन असते, तिची गोष्ट वेगळी. तिच्या मागे ४, ८, १६ ओहम असे स्क्रू असतात आणि पुढे ७० व्होल्ट, १०० व्होल्ट असेही असतात. लांबवरचे भोंगे १०० व्होल्टवर चालवतात, म्हणजे बारीक वायरही दूर पुरते. पण ते १०० व्होल्ट झटका देतात. ती वायर "आवाजाचीच आहे" म्हणून उघडी सोडू नका आणि मशीन चालू असताना हात लावू नका. आपला घरचा बॉक्स त्या स्क्रूला जोडलात तर तो जळतो. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर लावायला बंदी आहे, हे नियम २००० सालापासून आहेत. हळदीकुंकू लांबलं तरी ते लक्षात असू द्या.

त्या वहिनींकडची जळकी वायर आम्ही मागून घेतली. आता नवीन गटात बॉक्स बसवायला गेलो की ती पिशवीतून काढतो आणि आधी हातोहात फिरवतो. उरलेली वायर आता कुणाला घरी देत नाही. तिची गुंडाळी करतो, चिठ्ठीवर "फक्त बॉक्ससाठी" लिहून बांधतो आणि गटाच्या पेटीत वह्यांबरोबर ठेवतो.