पाडव्याचा कडू घास

वारणाकाठच्या कोडोलीत फाल्गुन सरता सरता ऊन चढू लागते, आणि पाडव्याच्या सकाळी घरोघरी कडुलिंबाची कोवळी पाने व फुलोरा, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, हिंग, चिंच आणि मीठ एकत्र वाटून जी हिरवट चटणी सिद्ध होते, ती गुढीच्या पूजनानंतर थोरामोठ्यांना आणि तोंड वेडेवाकडे करणाऱ्या पोरांनाही चुकत नाही.

या शिरस्त्याशी आयुर्वेदाच्या ऋतुचर्येचा मेळ उत्तम बसतो. हेमंतात साचलेला कफ वसंतातील सूर्यकिरणांनी पातळ होऊन जठराग्नी मंदावतो, असे चरकसंहिता सांगते. आणि कडू, तिखट व तुरट हे रस कफाचे शमन करणारे मानले आहेत. सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञांनी 1942 साली कडुलिंबाच्या तेलातून निंबिन हे कडू द्रव्य पृथक केले. पुढे या वृक्षातील अनेक संयुगांचा जंतुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसून आला. ओव्यातील थायमॉल तर प्रसिद्ध जंतुनाशकच होय.

तथापि काचपात्रात जंतूंची वाढ रोखणे आणि देहात रोग रोखणे या सर्वस्वी भिन्न बाबी होत. वर्षातून एकदा घेतलेला चमचाभर प्रसाद गोवर-कांजिण्यांचे निवारण करील ही अपेक्षा शास्त्राला धरून नाही. घास कडू असला तरी तो आनंदाने घ्यावा. मात्र त्याच श्रद्धेपोटी तान्ह्या मुलास कडुलिंबाचे तेल कदापि पाजू नये, कारण त्याने वांत्या, झटके व मेंदूस गंभीर इजा झाल्याची नोंद वैद्यकात आहे.