काच वर येईना, तेव्हा...

स्वयंपाकघरातला मिक्सर बंद पडला की आपण काय करतो? प्लग नीट बसलाय का ते बघतो, दुसऱ्या पॉइंटला लावून बघतो, तळाशी असलेलं लाल बटण दाबून बघतो. एवढं करूनही फिरला नाही, तरच दुरुस्तीवाल्याकडे नेतो. पण घरच्या गाडीत काही बिघडलं की मात्र आपले हात एकदम वर! ‘हे आले की बघतील...’ बरं, ‘हे’ तरी काय बघणार? तेही गॅरेजवाल्यालाच फोन लावणार.

मैत्रिणींनो, आता तालुक्याच्या गावातसुद्धा चारचाकी चालवणाऱ्या बायका काही कमी राहिल्या नाहीत. शिक्षिका आहेत, नर्स आहेत, सासऱ्यांना डॉक्टरांकडे नेणाऱ्या सुना आहेत. म्हणून आज गाडीच्या काचांबद्दल बोलू या. १९८३ साली मारुती ८०० आली, तेव्हा हँडल फिरवलं की काच खाली-वर व्हायची. आता बटण दाबलं की दारातली छोटी मोटर ते काम करते. सोय मोठी, पण रुसली की भर पावसात रुसते.

आमच्या बचत गटातल्या एकीचंच बघा ना. चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात तिने कणसं घ्यायला डावीकडची काच आपल्या बाजूच्या बटणाने खाली केली. कणसं आली, पण काच काही वर जाईना. शेजारची सीट रिकामी, मागे मुलगी झोपलेली, पावसाची झड थेट आत! कराडपर्यंत सीट अगदी चिंब. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये निकाल मिळाला, ‘मोटर गेली, पूर्ण मशीन बदलावं लागेल.’ नवऱ्याने फोनवर ‘करून टाका’ म्हटलंसुद्धा. ही मात्र हुशार. तिने डावीकडच्या दारावरचं, त्या काचेचं स्वतःचं बटण दाबलं आणि काच सरसर वर गेली. ‘दादा, मोटर गेली असेल, तर ही काच कुणी वर नेली हो?’ मोटर ठणठणीत होती. ड्रायव्हरच्या बाजूचं बटण आतून खराब झालं होतं. बटण बदललं, काम थोडक्यात भागलं.

मेकॅनिक लबाडच असतात असं नाही हं. गर्दीत त्यालाही वेळ नसतो, आणि अख्खा भाग बदलणं सगळ्यात सोपं असतं. पण खर्च आपल्या पर्समधून होतो, तेव्हा दहा मिनिटं आपणच का देऊ नयेत?

गाडीची किल्ली ‘ऑन’ करा आणि आधी ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण बघा. मुलांनी काचांशी खेळू नये म्हणून ते असतं. ते चुकून दाबलं गेलं, तर बाकीच्या दारांवरची बटणं चालत नाहीत. कित्येकदा ‘बिघाड’ तेवढाच असतो! मग त्याच काचेचं दुसरं बटण दाबून बघा, आमच्या मैत्रिणीसारखं. त्यानंतर गाणी बंद करून, कान दाराजवळ नेऊन बटण दाबा. घुर्रर्र आवाज येतोय पण काच हलत नाही? म्हणजे मोटर फिरतेय. काच उचलणारं मशीन, नाहीतर त्याची केबल तुटली असणार. काच जराशी थरथरून थांबते? ती कडेच्या रबरात अडकली असेल. अजिबात आवाज नाही? मग वीज पोचत नसेल किंवा मोटर खरंच गेली असेल. कधी चालते, कधी नाही, दार हलवलं की चालते, असं असेल तर दार आणि गाडीच्या मधल्या रबरी नळीतल्या वायरी बघायला सांगा. दार हजारदा उघडून-मिटून त्या आतल्या आत तुटतात.

सगळ्याच काचा एकदम बंद पडल्या, तर बहुधा फ्यूज. फ्यूजची पेटी डॅशबोर्डखाली किंवा बॉनेटमध्ये असते, आणि कुठला फ्यूज कशाचा हे झाकणावर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात दिलेलं असतं. ते पुस्तक बहुतेक घरांत प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघालेलं नसतं! फ्यूज म्हणजे दोन पायांचा रंगीत चिमुकला तुकडा. गाडी बंद करून तो काढा आणि उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली की तो उडाला. जितक्या ॲम्पिअरचा निघाला तितक्याच ॲम्पिअरचा नवा घाला. २० चा पिवळा, ३० चा हिरवा असतो. वेळ मारून न्यायला कुणी तिथे तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद लावू लागला, तर ठाम नाही म्हणा. वायरी तापून गाडी पेटू शकते. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर मात्र गॅरेज गाठा.

काच रडतखडत चढत असेल, तर रबराच्या खाचेतली धूळ ओल्या फडक्याने पुसा आणि सिलिकॉनचा स्प्रे मारा. खोबरेल तेल नको, ऑइल नको. त्यावर धूळ चिकटून पेंड होते. आणि बॅटरी काढून परत लावल्यावर एका टिचकीत बंद होणारी काच अर्ध्यावर थांबू लागली, तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरलं की तिला सगळं आठवतं.

आता जरा गंभीर. काचेच्या मोटरला बोट आणि हवा यांतला फरक कळत नाही. अडथळा लागला की उलटी फिरणारी काच सगळ्या गाड्यांत नसते. मूल खिडकीतून डोकं बाहेर काढून टाटा करतंय आणि त्याचाच गुडघा बटणावर पडला, तर? म्हणून मागे मुलं असली की ते लॉकचं बटण दाबलेलंच ठेवा. आणि ‘दोन मिनिटांत आलेच’ म्हणून किल्लीसकट मुलाला गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. उन्हात बंद गाडीचं तापमान दहा मिनिटांत साधारण १० अंशांनी वाढतं, हेही लक्षात असू द्या.

घाटात काच अडकलीच, तर गाडी कडेला घ्या. एकीने बटण दाबायचं, दुसरीने काचेला आतून-बाहेरून तळहात लावून हळूहळू वर सरकवायचं. निम्म्या वेळा जमतं. वर गेली, की गॅरेजपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही. नाहीच सरकली, तर डिकीत एक जाड प्लॅस्टिक आणि रुंद चिकटपट्टी असावी. प्लॅस्टिकची वरची कड दाराच्या चौकटीत धरून दार मिटायचं आणि बाकीचं बाहेरून खाली सोडून चिकटवायचं, म्हणजे पाणी त्यावरून ओघळून जातं. पट्टी चिकटवण्याआधी दार पुसून कोरडं करा, नाहीतर ती धरत नाही.