टेस्टर पेटला नाही, म्हणजे काय?

मागच्या व्याख्यानात आपण अनुपलब्धीपाशी थांबलो होतो. जमिनीवर घडा नाही, हेही एक ज्ञानच आहे आणि ते वेगळ्या प्रमाणाने होतं, असं भाट्ट मीमांसक म्हणतात. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं हा घडाच दाखवत आलो, आणि मुलं जांभया देत आली. आज घडा बाजूला ठेवू. ब्रिटनमधल्या शिकाऊ इलेक्ट्रिशियनचं काम बघू.

हा मुलगा एका जागी बसून शिकत नाही. कंत्राटदाराच्या गाडीतून आज एखाद्या शाळेत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावातल्या गोदामात. मधे कॉलेज. प्रत्येक ठिकाणी समोर येतात त्या दुसऱ्याच कुणी टाकलेल्या वायरी. तिथे पूर्वी थ्री-फेजच्या वायरी लाल, पिवळी, निळी आणि न्यूट्रल काळी असे. आपल्याकडे असते तशीच. २००४ साली युरोपशी जुळवून घेताना फेज तपकिरी, काळी, करडी झाली आणि न्यूट्रल निळी. २००६पासून नव्या कामाला हेच रंग सक्तीचे. जुनं वायरिंग मात्र कुणी उपटून काढलं नाही. त्यामुळे एकाच इमारतीत काळी वायर एका खोलीत न्यूट्रल, तर शेजारच्या खोलीत २३० व्होल्टची फेज असू शकते. अशा ठिकाणी बोर्डावर सूचना चिकटवायची असे. ती चिकटवलेली असेलच असं नाही.

रंग म्हणजे आधीच्या कारागिराचा शब्द. शब्द प्रमाण मानायचा तर बोलणारा आप्त हवा, आणि फिरत्या शिकाऊला तो माणूसच माहीत नसतो. म्हणून तो तपासतो. पण टेस्टर पेटला नाही, तर वायरीत वीज नाही की टेस्टरच बिघडलाय? आपल्या घरातला पेचकस-टेस्टर आठवा. उन्हात त्याचा दिवा नीट दिसत नाही, आणि आपण खुशाल बोर्डात हात घालतो!

तिथे रीत अशी : आधी टेस्टर चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी लावून बघायचा. मग बंद केलेल्या वायरींना. आणि मग पुन्हा चालू ठिकाणी, कारण मधल्या मिनिटात तो बिघडला असेल तर? तीन फेज, न्यूट्रल आणि अर्थ, अशा पाच वायरींच्या दहा जोड्या होतात, दहाही तपासायच्या. कंटाळवाणं आहे खरं. पण कुमारिलांच्या परंपरेत जिला योग्यानुपलब्धी म्हणतात, ती हीच. असता तर दिसला असता, एवढं आधी पक्कं करा, मगच ‘नाही’ म्हणा. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही.

आता कुणी विचारेल, तपासून झाल्यावर पलीकडून कुणी स्विच चालू केला तर? बरोबर आहे. म्हणूनच तपासण्याआधी स्विचला कुलूप घालायचं, पाटी लटकवायची, आणि किल्ली काम संपेपर्यंत आपल्याच खिशात ठेवायची. साहेबाने मागितली तरी द्यायची नाही.