मरळ नेमकी कुठे असते?

बेसा परिसरातल्या शेवाळलेल्या तळ्यावर उन्हाळ्यात गळ टाकायचा, तर आधी प्राणवायूचा हिशेब हवा. 30 अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. त्यातलाही बराचसा पाणवनस्पती आणि जिवाणू रात्रभरात संपवतात. त्यामुळे पहाटे रोहू, कटला मलूल असतात. ऊन चढलं की आमिषाकडे वळतात.

मरळीचं निराळं. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. डोक्यातल्या पोकळीत हवा भरायला ती वर येतेच. बेशरमाच्या झुडपांच्या कडेला पाणी ‘डुबुक’ वाजलं, की रबरी बेडूक तिथेच, अलगद टाकावा.

पावसाळ्यात लालसर पिलांचा थवा दिसला, तर खाली आईबाप राखणीला असतात. चवताळून गळावर येतात. तेव्हा त्यांना धरू नका. राखण गेली, की पिलांना इतर मासे फस्त करतात.